दर शुक्रवारी गाडी अर्धवट चार्ज: वेळापत्रक न पाळणारा चार्जर आणि ८० टक्क्यांवर न थांबणारी गाडी

तक्रार अशी: रात्री अकराला चार्जिंग सुरू व्हावं आणि पहाटे पाचच्या सुमाराला ८० टक्क्यांवर थांबावं, असं सगळं व्यवस्थित लावलेलं आहे. बाकीच्या दिवशी तसंच होतं. पण आठवड्यातून एखाद्या सकाळी खाली जावं तर गाडी पन्नासच्या आसपास रेंगाळलेली. ॲप उघडून बघावं तर सगळं बरोबर. त्या रात्री पुन्हा लावावं तर बिनबोभाट चार्ज.

असं होत असेल तर उत्तर आधीच सांगून टाकते. चार्जिंगची वेळ एकाच ठिकाणी लावा, आणि ते ठिकाण शक्यतो गाडी असू दे. चार्जरच्या ॲपमधलं वेळापत्रक बंद करा, नुसतं रिकामं ठेवू नका. टक्क्यांची मर्यादाही गाडीतच लावा. आणि लाईट जाऊन आल्यावर तुमच्या चार्जरच्या मते किती वाजलेत, ते एकदा मुद्दाम तपासा. माझं घोडं तिथेच अडलं होतं, आणि ते कळायला मला सात शुक्रवार लागले.

आमची मांडणी बहुतेकांसारखीच आहे. पुण्यात सोसायटी, पाचव्या मजल्यावर घर, खाली स्टिल्टमध्ये पार्किंग. भिंतीवर ७.२ किलोवॅटचा एसी चार्जर, पण घराचा मंजूर भार बेताचा म्हणून तो १६ ॲम्पियरवर बांधून ठेवलेला. म्हणजे भिंतीतून साधारण ३.७ किलोवॅट निघतात आणि बॅटरीत ३.३ च्या आसपास उतरतात, बाकीची ऊब. बॅटरी ४५ किलोवॅट-तासांची, म्हणजे ४५ युनिटांची. ३५ टक्क्यांवरून ८० वर न्यायचं तर वीस-एक युनिट बॅटरीत जायला हवेत, म्हणजे सहा तास आणि थोडं वर. रात्री ११ ते पहाटे ५ हा हिशोब असा आला.

मी आठवड्यातून दोनदाच गन (चार्जरच्या केबलचं गाडीत खोचायचं टोक) लावते, रविवारी रात्री आणि गुरुवारी रात्री. ऑफिस तळेगावला. शुक्रवारी ऑफिस सुटलं की बऱ्याचदा परस्पर साताऱ्याला, आईकडे. त्या दिवसाचं अंतर पावणेदोनशेच्या पुढे जातं, त्यामुळे शुक्रवारी सकाळी ८० टक्के नसले की खेड शिवापूरच्या आसपास फास्ट चार्जर शोधणं आलं. तिथे आधीच दोन गाड्या उभ्या असतात, आणि युनिटचा दर घरच्यापेक्षा बराच चढा. रविवारच्या रात्री मात्र कधीही दगा नाही. नेमका गुरुवारच!

पहिला संशय वॉचमनकाकांवर गेला. नवीन काका आले होते, आणि रात्री राउंड मारताना "दिवा लुकलुकतोय, कुणीतरी चालू ठेवून गेलं" म्हणून ते एकदा खरंच एमसीबी पाडून गेले होते. त्यांना समजावलं, चार्जरशेजारी मराठी-हिंदीत चिठ्ठी चिकटवली. चिठ्ठी उपयोगी आहे, तुम्हीही लावा, पण पुढच्या शुक्रवारी गाडी पुन्हा ५१ टक्के.

मग अर्थिंग. वायरमनदादा आले, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात व्होल्टेज मोजलं, दोनच्या आत होतं. "ताई, अर्थिंग एकदम टकाटक आहे, दुसरीकडे शोधा." त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली ती लक्षात ठेवण्यासारखी आहे: अर्थिंग बिघडलेलं असलं तर चार्जर वार बघून बिघडत नाही, तो रोज रुसतो.

इथे थोडं थांबून एक फरक करून घ्या, कारण यावरच पुढचा सगळा शोध अवलंबून आहे. चार्जिंग *सुरूच झालं नाही*, *उशिरा सुरू झालं*, की *सुरू होऊन मध्येच तुटलं*? तिन्हींचा सकाळचा परिणाम सारखाच दिसतो, कारणं मात्र तीन गावची. चार्जरच्या ॲपमध्ये प्रत्येक वेळच्या चार्जिंगची नोंद असते: सुरू केव्हा, बंद केव्हा, किती युनिट. तीन-चार आठवड्यांच्या नोंदी शेजारीशेजारी कागदावर उतरवा. फोनच्या पडद्यावर एकेक नोंद उघडून बघण्यात काही कळत नाही, निदान मला तरी कळलं नाही.

मध्येच तुटत असेल तर व्होल्टेज बघा. संध्याकाळी सातनंतर सगळ्या घरांत एसी, गिझर, इंडक्शन चालू झालं की काही सोसायट्यांत व्होल्टेज दोनशेच्या खाली घसरतं. बरेच चार्जर कमी व्होल्टेजला स्वतःला वाचवण्यासाठी थांबतात, आणि त्यातले काही व्होल्टेज परत आलं तरी आपणहून सुरू होत नाहीत. तुम्ही पंधरा ॲम्पियरच्या साध्या सॉकेटवर पोर्टेबल चार्जर लावत असाल तर प्लगला हात लावून बघा. सहा-सात तास सलग भार हा प्लगचा खरा छळ असतो. गिझर वीस मिनिटं चालतो, त्याच्यासाठी केलेला सॉकेट इथे पिवळा पडतो, मग काळा. आणि वेळ साधण्यासाठी बाजारात मिळणारा स्वस्त टायमर-प्लग मध्ये घालू नका. आमच्या शेजाऱ्यांनी घातला होता. त्याची एक पिन वितळून सॉकेटमध्येच बसली. निळा इंडस्ट्रियल सॉकेट, चार चौरस मिलिमीटरची वायर आणि स्वतंत्र एमसीबी, एवढं करून घेतलं की ही बाजू निकालात निघते.

माझ्या नोंदींत काही तुटलेलं नव्हतं. उशिरा सुरू झालेलं होतं.

कागदावर उतरवलं तेव्हा दिसलं ते असं: रविवारच्या रात्री सगळीकडे सुरुवात ११.००. गुरुवारच्या रात्री, म्हणजे शुक्रवार पहाट, सुरुवात ४.३०. पुन्हा ४.३०. पुन्हा ४.३०. मिनिटाचाही फरक नाही. मी पावणेसातला गन काढते, म्हणजे सव्वादोन तास, साडेसात युनिट, १६ टक्के. ३५ अधिक १६ बरोबर ५१. हिशोब जुळला, कारण जुळेना. पहाटे साडेचारला आमच्या घरात काहीच होत नाही, दूधवालासुद्धा साडेपाचला येतो.

कारण सापडलं ते बहिणीच्या फोनमुळे. ती लंडनजवळ असते. नोव्हेंबर होता. "ताई, झोपलीस का? माझ्याकडे आत्ता कुठे साडेपाच होतायत," ती म्हणाली. माझ्या घड्याळात अकरा. उन्हाळ्यात ते लोक घड्याळं पुढे करतात म्हणून फरक साडेचार तासांचा असतो, हिवाळ्यात बरोबर साडेपाच. आणि रात्रीच्या ११ मध्ये साडेपाच तास मिळवले की पहाटेचे ४.३० होतात!

चार्जर गुरुवारी लंडनच्या वेळेवर चालत होता. नीट सांगायचं तर यूटीसीवर, म्हणजे जगभरची यंत्रं एकमेकांशी बोलताना जी सामायिक वेळ वापरतात तिच्यावर. भारताची वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. इंटरनेटवरून यंत्राला मिळते ती यूटीसीच. "मी भारतात आहे, साडेपाच मिळव" ही सूचना यंत्राला वेगळी द्यावी लागते. माझ्या चार्जरला ती सूचना फोनवरून ब्लूटूथने मिळत होती, आणि लाईट गेली की तो ती विसरत होता.

गुरुवारच का, हे पुणेकरांना सांगायला नको. गुरुवारी पाणी बंद आणि देखभालीच्या कामासाठी बऱ्याचदा लाईटही बंद. आमच्याकडे सकाळी जाते, दुपारी येते. दुपारी चार्जर जागा व्हायचा, वाय-फायवरून वेळ घ्यायचा, आणि साडेपाच तासांची सूचना नाही म्हणून यूटीसीवरच राहायचा. मग शुक्रवारी सकाळी मी वैतागून चार्जरपाशी उभी राहून ॲप उघडायची. ब्लूटूथ जोडलं जायचं, सूचना मिळायची, घड्याळ बरोबर व्हायचं. म्हणजे दर वेळी तपासायला गेले की माझ्या तपासण्यानेच रोग बरा व्हायचा. डॉक्टरांच्या दारात पाऊल ठेवल्याबरोबर ताप उतरणाऱ्या पोरासारखं. रविवारपर्यंत घड्याळ ठीकच असायचं.

चार्जरच्या कंपनीला तीन मेल केल्यानंतर त्यांनी हे मान्य केलं. पहिल्या दोन उत्तरांत "कृपया ॲप काढून पुन्हा टाका" असं होतं. ॲप काढून पुन्हा टाकलं की ब्लूटूथ जोडलं जातं आणि घड्याळ दुरुस्त होतं, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने प्रत्येक तक्रार सुटतच होती.

तुमचा फरक साडेपाच तासांचा नसेल तर तेही काहीतरी सांगून जातं. दर आठवड्याला पाच-सात मिनिटांनी सरकत जाणारी वेळ म्हणजे चार्जरला इंटरनेट पोचतच नाही आणि त्याचं स्वतःचं घड्याळ मागे-पुढे होतंय. पार्किंगमधलं वाय-फाय बघा. लाईट किती वाजता आली त्यावर अवलंबून असलेली वेडीवाकडी वेळ म्हणजे घड्याळ लाईट आली तेव्हा शून्यावरून सुरू झालं. बारा तासांचा फरक असेल तर मात्र सकाळ-संध्याकाळची गल्लत, आणि ती बहुतेक तुमची स्वतःची.

आता माझी चूक. खरं कारण सापडायच्या आधी मी "असू दे खबरदारी" म्हणून गाडीच्या पडद्यावरही वेळापत्रक लावलं होतं, ११ ते ६. चार्जर चुकला तर गाडी सांभाळून घेईल असं मला वाटलं. झालं उलटं. पुढच्या शुक्रवारी ४६ टक्के आणि त्याच्या पुढच्या शुक्रवारी ३५, म्हणजे शून्य भर.

हे का होतं ते समजलं की पुन्हा कधी दोन वेळापत्रकं लावाविशी वाटणार नाहीत. गन लावली की जाड तारांतून लगेच वीज वाहू लागत नाही. आधी एका बारीक तारेवरून चार्जर आणि गाडी बोलून घेतात. या तारेला कंट्रोल पायलट म्हणतात. कोणी जोडलेलं नसताना तिच्यावर १२ व्होल्ट असतात. गाडी जोडली गेली की ते ९ वर येतात, म्हणजे "मी आले आहे, अजून घेत नाही". गाडी घ्यायला तयार झाली की ६. चार्जरची बाजू वेगळी असते: तो देऊ शकत असेल तर याच तारेवर सेकंदाला हजार ठोके पाठवतो, आणि ठोक्याची रुंदी म्हणजे किती ॲम्पियर मिळतील ते. १६ ॲम्पियरसाठी ठोका साधारण २७ टक्के वेळ वर राहतो. देणार नसेल तर ठोके नाहीत, तारेवर नुसतं स्थिर व्होल्टेज.

म्हणजे दोघांनी "हो" म्हटलं तरच चार्जिंग. दोन वेळापत्रकं लावली की दोन्हींत जो वेळ सामायिक आहे तेवढाच मिळतो. गाडीचं ११ ते ६, भरकटलेल्या चार्जरचं साडेचार ते साडेदहा, सामायिक काय? साडेचार ते सहा. दीड तास, पाच युनिट, ११ टक्के. ३५ चे ४६. दुसरं वेळापत्रक म्हणजे दुसरा पहारेकरी नव्हे, ते दाराला लावलेलं दुसरं कुलूप आहे.

आणि ती ३५ वाली सकाळ? गाडीने ११ वाजता बघितलं, ठोके नाहीत. थोडा वेळ वाट पाहिली आणि मग आपली बारा व्होल्टची बॅटरी वाचवायला ती झोपली. साडेचारला चार्जरने ठोके सुरू केले तेव्हा ऐकायला कोणी जागं नव्हतं. काही गाड्या ठोक्यांनी जाग्या होतात, काही होत नाहीत, आणि एकच गाडी एकदा होते, एकदा होत नाही. तेव्हा गन लावलेली, चार्जरचा दिवा तयार दाखवतोय, गाडी गप्प, असं दिसलं तर गाडी एकदा उघडून बंद करा किंवा गन काढून पुन्हा लावा. लगेच सुरू झाली तर हेच कारण.

ही गोष्ट पक्की करायला गुरुवारची वाट बघू नका. एखाद्या रविवारी दुपारी करा. गाडीतलं वेळापत्रक बंद. चार्जरचं वेळापत्रक आत्तापासून पंधरा मिनिटांनी सुरू होईल असं लावा. मग चार्जरची एमसीबी पाडा, पाच मिनिटं थांबा, चढवा. आता फोनचं ब्लूटूथ बंद ठेवून घरी जा, चार्जरच्या जवळपास ॲप उघडू नका. वीस मिनिटांनी येऊन नुसता दिवा बघा. सुरू झालं असेल तर घड्याळ लाईट जाण्याला पुरून उरतं. नसेल तर चोर सापडला. मग उलटी तपासणी: चार्जर "गन लावताच सुरू" वर, वेळ फक्त गाडीत, पुन्हा एमसीबी पाडून चढवणं. यात माझी गाडी तीनदा पास झाली. गाडीचं घड्याळ गाडीच्या बॅटरीवर चालतं, सोसायटीची लाईट असो नसो तिला फरक पडत नाही.

गाडीत वेळ लावताना ती गाडीच्या पडद्यावर लावा, फोनवरून नको. गाडीला फोनचा निरोप तिच्यातल्या सिमकार्डावरून पोचतो, आणि तळघरात किंवा खांबांमागे रेंज नसते. फोनवर "सेव्ह झालं" असं दिसतं, निरोप मात्र वाटेत अडकलेला असतो, आणि कधी दुसऱ्या दिवशी सिग्नलला उभ्या असताना पोचतो.

मर्यादेचं रडगाणं

८० लावलं आणि गाडी १०० वर गेली, किंवा ८० लावलं आणि ७४ ला थांबली. दोन्ही माझ्याकडे झालं.

१०० वर जाण्याचं सर्वांत साधं कारण घरातच असतं. नवऱ्याच्या फोनवरही तेच ॲप आहे. त्याने बाहेरगावी जायच्या आधी मर्यादा १०० केली होती आणि परत ८० करायची राहिली. दोन फोन असतील तर मर्यादा बदलायचा अधिकार एकानेच घ्यावा. आमच्यात तो मी घेतला, त्यावर चर्चा झाली नाही. दुसरं कारण "आत्ता चार्ज करा" हे बटण. ते दाबलं की काही गाड्या फक्त वेळापत्रक बाजूला ठेवतात, काही मर्यादाही ठेवतात. तुमची काय करते ते एकदा ७८ टक्क्यांवर असताना दाबून बघा, पाच मिनिटांचं काम. तिसरं, काही गाड्यांत फास्ट चार्जिंगची आणि घरच्या चार्जिंगची मर्यादा वेगवेगळी असते आणि आपण हमखास चुकीची बदलतो.

७४ ला थांबणं म्हणजे बहुधा चार्जरमध्ये राहिलेली युनिटची मर्यादा. चार्जरला गाडीची टक्केवारी कळत नाही. एसी चार्जिंगमध्ये त्या बारीक तारेवरून टक्के येतच नाहीत. त्यामुळे चार्जरच्या ॲपमधली "मर्यादा" ही युनिटची असते, आणि ती भिंतीतून निघालेली युनिटं मोजते, बॅटरीत पोचलेली नव्हे. मी सुरुवातीला ३५ ते ८० साठी २० युनिटं लावली होती. भिंतीतून २० निघाली, बॅटरीत १८ च्या आत पोचली, गाडी ७४ वर थांबली आणि मी महिनाभर बॅटरी खराब झाली म्हणून झुरत होते. चार्जरमधली युनिटची मर्यादा काढून टाका.

आता ८० हवंच का, हा प्रश्न. ते बॅटरी कुठल्या जातीची यावर आहे. नेक्सॉन ईव्ही, विंडसर, बीई ६ या एलएफपीवाल्या (लिथियम आयर्न फॉस्फेट). एक्सयूव्ही ४०० एनएमसीवाली (निकेल-मँगनीज-कोबाल्ट). एनएमसी असेल तर रोज ८० ला थांबणं खरंच फायद्याचं, विशेषतः एप्रिल-मेच्या उन्हात भरलेली बॅटरी घेऊन गाडी उभी राहणार असेल तर. एलएफपीलाही भरून ठेवलेलं फार आवडत नाही, पण तिची दुसरी अडचण मोठी आहे. एलएफपीच्या सेलचं व्होल्टेज मधल्या सगळ्या पट्ट्यात ३.२-३.३ च्या आसपास जवळजवळ सपाट असतं. ३५ टक्के आणि ६५ टक्के यांत व्होल्टेज बघून फरक करणं गाडीला अवघड. मग ती आत किती गेलं, बाहेर किती आलं याची वही ठेवते, आणि कुठल्याही वहीत होते तशी रोज थोडीथोडी चूक साठते. अगदी वरच्या टोकाला व्होल्टेज एकदम चढतं, तिथेच तिला कळतं की हे १०० आणि वही कोरी होते.

म्हणून महिनोन्‌महिने ८० लाच थांबवलेल्या एलएफपी गाडीचे टक्के विश्वासाचे राहत नाहीत. उतरताना १८ वरून थेट ११, किंवा चढताना ९३ वरून उडी मारून १००, असं दिसू लागलं की समजा वही बिघडली. टेस्ला आपल्या एलएफपी गाड्यांना आठवड्यातून एकदा १०० करायला सांगते. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत जे अंतर दिलं असेल ते पाळा. मी पंधरा दिवसांनी करते. दोन गोष्टी सांभाळायच्या: हे हळू, घरच्या चार्जरवर करायचं, आणि पडद्यावर १०० दिसलं की लगेच गन ओढायची नाही. १०० दिसल्यावरही अर्धा-पाऊण तास सेल एकमेकांच्या बरोबरीला आणण्याचं काम चालू असतं. गाडी स्वतः थांबेपर्यंत थांबा.

घाटमाथ्यावर राहणाऱ्यांना मात्र १०० ची वेगळी अडचण येते. पाचगणीला हॉटेलात रात्री १०० केली आणि सकाळी पसरणी घाट उतरायला लागले, तर पहिल्या वळणावर गाडी नेहमीसारखी अडेना. एरवी उतारावर मोटर गाडीला अडवते आणि त्यातून वीज बनवून बॅटरीत भरते; बॅटरीत जागाच नाही म्हटल्यावर ती वीज ठेवणार कुठे? ब्रेक लागतो, तो साधा ब्रेक असतो, पण पायाला सवय वेगळी असते आणि पोटात गोळा येतो. डोंगरावरून निघायचं असेल तर ८५ पुरे.

रात्रीच का?

हा प्रश्न मला स्वतःला उशिरा पडला. रात्री वीज स्वस्त असते हे परदेशातल्या लोकांचं ऐकून आपण धरून चालतो. महावितरणच्या स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना १ जुलै २०२५ पासून वेळेनुसार सवलत आहे, पण ती सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत, सुरुवातीला युनिटमागे ८० पैशांची. दिवसा सौरऊर्जा भरपूर असते म्हणून. घरगुती मीटरवर रात्री अकराचा मुहूर्त धरण्यात पैशाचा काही फायदा नाही.

मी महिन्याला चौदाशे किलोमीटर चालवते. युनिटला सात किलोमीटर धरले तर बॅटरीत दोनशे युनिटं, मीटरवर सव्वादोनशेच्या आसपास. निम्मी दिवसा भरली तर त्या ८० पैशांच्या हिशोबाने नव्वद रुपये वाचतात. एका मिसळीचे पैसे, पण फुकट कोण सोडतं? रविवारची गन आता मी सकाळी साडेनऊला लावते. लाईटबिलाकडे बघायचंच असेल तर टप्प्याकडे बघा. घरची दीडशे युनिटं आणि गाडीची सव्वादोनशे एकाच मीटरवर आली की ३०० चा टप्पा ओलांडला जातो आणि वरच्या युनिटांना चढा दर लागतो. गाडीसाठी वेगळं मीटर परवडतं का, हा हिशोब तिथून सुरू होतो.

गुरुवारची रात्र मात्र रात्रच ठेवली आहे, कारण दिवसा गाडी तळेगावला असते आणि इथे लाईट नसते. रात्रीचा एक फायदा आहेच: अकरानंतर सोसायटीचं व्होल्टेज सुधारतं आणि दिवसभर तापलेली गाडी थोडी निवते.

सध्याची मांडणी: चार्जर "गन लावताच सुरू", युनिटची मर्यादा काढलेली, १६ ॲम्पियर. गाडीच्या पडद्यावर रात्री ११ ते सकाळी ६, मर्यादा ८०, दर दुसऱ्या रविवारी १००. रविवारी दिवसा लावताना वेळापत्रक एका दिवसापुरतं बाजूला ठेवायचं बटण आहे, ते दाबायला मी दोनदा विसरले आणि गाडी रात्री अकरापर्यंत मुकाट्याने वाट बघत बसली. त्यावर उपाय सापडलेला नाही, फक्त गन लावून झाल्यावर खटका ऐकू येईपर्यंत तिथेच उभी राहते.

चार्जरच्या कंपनीने जानेवारीत नवीन सॉफ्टवेअर पाठवलं आणि घड्याळाची चूक दुरुस्त झाल्याचं कळवलं. एमसीबी पाडून चढवून मी तपासलं, वेळ टिकली. गेले अकरा शुक्रवार गाडी ८० वर आहे. चार्जरमधलं वेळापत्रक काही मी परत चालू केलेलं नाही.